आधी शेपटीला हात लावा

पशुवैद्यकाची पदवी घेऊन सौदीतल्या मेंढ्यांच्या फार्मवर नोकरीला निघालेल्यांसाठी हे लिहितोय. तिथं तुमची गाठ बहुतेक नईमी जातीच्या मेंढीशी पडेल. सीरिया-जॉर्डनकडं हिलाच अवासी म्हणतात. आपल्या दख्खनी मेंढीची शेपटी आखूड, बारीक. हिची रुंद, जड, मागून भरल्या पिशवीसारखी लोंबणारी. मोठ्या मेंढ्याची तर दहा-बारा किलोपर्यंत भरते.

चारा मुबलक असताना तिथं चरबी साठते आणि कोरड्या महिन्यांत तीच जनावराला तगवते. परीक्षेसाठी हे पाठ केलं होतं, उमगलं पहिल्या हंगामात. घरच्या सवयीनं मी कमरेचा कणा चाचपला, हाडं हाताला लागली, कळप वाळलाय असं ठरवून जवाचा खुराक एकदम वाढवला. तिसऱ्या दिवशी चार मेंढ्या ॲसिडोसिसनं, म्हणजे पोटात आम्ल वाढून, आडव्या पडल्या. दोन दगावल्या. ती चूक माझी होती, अजून सलते.

कळप राखणाऱ्या सुदानी चाचांनी माझा हात धरून एका मेंढीच्या शेपटीखाली ठेवला. दोन्ही तळव्यांत न मावणारी, घट्ट चरबी. मग शेजारची मेंढी दाखवली. पाठ अगदी तशीच, पण शेपटीची कातडी सैल, सुरकुतलेली. खुराक हवा होता तो हिला.

तेव्हापासून पाठ किती भरलीय आणि शेपटी किती, याचे गुण वहीत वेगवेगळे लिहितो. विण्याआधी महिना-दीड महिना आणि कोकरं पीत असताना दर पंधरवड्याला. शेपटी ओसरायला लागली की खुराक वाढवायचा, पण हळूहळू.

पैदाशीचं काम हाती आलं तर बारीक शेपटीचा मेंढा नुसता कळपात सोडून निश्चिंत राहू नका. नईमी मेंढा छातीनं शेपटी उचलून बाजूला सारतो. परक्या जातीच्या मेंढ्याला ते सहसा जमत नाही, मग माजावरच्या मेंढीची शेपटी माणसानं धरून उभं राहावं लागतं.

शेपटीखालची लोकर कातरून ठेवा. हगवण लागली की तिथं माश्या बसतात, अळ्या पडतात आणि वरून काहीच दिसत नाही. आणि जायच्या आधी एक शब्द शिकून घ्या: लिय्या. चरबीच्या या शेपटीला अरबीत तेच म्हणतात. बकरीदच्या बाजारात आपण ज्याला दुंबा म्हणतो, त्या नावाचाही फारसीतला अर्थ हाच. पहिल्या सकाळी गोठ्यात जाऊन ‘लिय्या दाखवा’ एवढं म्हटलंत, तरी चाचा पुढचं सगळं हातानं शिकवतील.