आत्मत्याग आणि अहिंसा मंडळीच्या आचरणात कशी आणावी

मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशू लोकसमुदायाला शिष्यांसह जवळ बोलावतो आणि मग आत्मत्याग करून वधस्तंभ उचलण्याविषयी बोलतो. ही हाक जमलेल्या सगळ्यांना दिलेली होती. तरीही बहुतेक मंडळ्यांत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, ती ज्याच्या त्याच्या सहनशीलतेवर सोडून दिली जाते, आणि मंडळी म्हणून आपण या वर्षी काय सोडले, कोणासाठी धोका पत्करला, हा प्रश्न वार्षिक सभेत निघतच नाही. पुढील मार्गदर्शन पाळक, वडीलजन आणि मंडळीच्या कामाची जबाबदारी घेणाऱ्या सर्वांसाठी आहे. त्यामागे दोन गोष्टी धरून चालल्या आहेत. त्यागाची सुरुवात ज्याच्याजवळ सत्ता, पैसा किंवा मान आहे त्याच्यापासून व्हावी, आणि अहिंसा ऐन संकटात आपोआप सुचत नसल्यामुळे तिचा सराव शांततेच्या दिवसांतच करून ठेवावा.

शास्त्रवाचनापासून आरंभ

पहिले काही आठवडे लहान गटांत ठरावीक उतारे वाचावेत: मत्तय ५:३८–४८, रोमकरांस पत्र १२:९–२१, फिलिप्पैकरांस पत्र २:१–११ आणि पेत्राच्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय. प्रत्येक उताऱ्यानंतर एकच प्रश्न विचारावा: हे वचन लागू पडले असते असा कोणता प्रसंग आपल्या मंडळीत अलीकडे घडला? गट गप्प बसला तर बसू द्यावा; पाळकाने घाईघाईने उत्तर पुरवू नये.

अडचणीचे उतारे टाळू नयेत, कारण ते कोणीतरी काढणारच. येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलले ते काय होते, तलवार विकत घ्या असे तो लूक २२:३६ मध्ये का म्हणतो, रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातील अधिकाऱ्याच्या हातातील तलवारीचे काय, हे प्रश्न रास्त आहेत. तलवारीच्या उताऱ्याबाबत पुढच्या पंधरा ओळी वाचल्या तरी बरेच उलगडते: त्याच रात्री तलवार खरोखर चालते, मुख्य याजकाच्या दासाचा कान तुटतो, आणि येशू आपल्या माणसाला थांबवून शत्रूच्या माणसाचा कान बरा करतो. दुसरा गाल पुढे करण्याच्या वचनाशेजारी योहान १८:२३ ठेवावे. तेथे चपराक खाल्लेला येशू गप्प राहत नाही. मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असे तो मारणाऱ्याला सरळ विचारतो. अहिंसा म्हणजे मुकाट्याने मार खाणे, हा गैरसमज एवढ्यानेच निम्मा ओसरतो.

ख्रिस्ती परंपरेत या विषयावर एकमत नाही, हेही मंडळीला मोकळेपणाने सांगावे. इसवी सन २९५ मध्ये उत्तर आफ्रिकेतील तेबेस्सा येथे मॅक्सिमिलियन नावाच्या तरुणाने, आपण ख्रिस्ती असल्यामुळे सैनिक होऊ शकत नाही असे सांगून मरण पत्करले. पुढच्या शतकात साम्राज्यच ख्रिस्ती झाल्यावर ऑगस्टिनसारख्या आचार्यांनी न्याय्य युद्धाची, म्हणजे काही अटींवर युद्ध योग्य ठरू शकते या विचाराची, मांडणी केली. सोळाव्या शतकातील अ‍ॅनाबॅप्टिस्टांपैकी (बाप्तिस्मा जाणत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने घ्यावा असे मानणाऱ्यांपैकी) अनेकांनी आणि त्यानंतर मेनोनाइट, क्वेकर व ब्रदरन मंडळ्यांनी शस्त्र न धरण्याची वाट पुन्हा धरली. तुमच्या गटात दोन्ही मतांची माणसे निघतील. राष्ट्राने युद्ध करावे की नाही यावर पहिल्याच बैठकीत वाद घालू नये असे माझे मत आहे, कारण हा वाद रंगला की स्वतःच्या घरातील, कमिटीतील आणि शेजारातील हिंसेकडे पाहण्याचे सर्वांनाच टाळता येते.

आधी आपली भांडणे

ज्या मंडळीतील दोन गट निवडणुकीपासून एकमेकांशी बोलत नाहीत, तिने जगाला शांतीचा संदेश देण्याची घाई करू नये. मत्तय १८:१५–१७ मधील पद्धत बहुतेकांना पाठ असते आणि क्वचितच वापरली जाते. ती अशी वापरावी. ज्याची तक्रार आहे त्याने प्रथम समोरच्याला एकटे गाठून, समोरासमोर बोलावे. फोनवरच्या गटात किंवा प्रार्थनेच्या निमित्ताने चारचौघांत विषय काढणे म्हणजे ही पहिली पायरीच मोडणे होय. तेथे मिटले नाही तर दोघांनाही मान्य असणारी एक-दोन माणसे सोबत घ्यावीत. या बैठकीत एक साधा नियम ठेवावा: उत्तर देण्यापूर्वी प्रत्येकाने समोरचा काय म्हणाला ते आपल्या शब्दांत सांगायचे आणि समोरच्याने ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे म्हटल्यावरच पुढे बोलायचे. बैठक कंटाळवाणी होते, लांबते, पण आवाज चढत नाहीत. एवढ्यावरही जमले नाही तरच प्रकरण मंडळीपुढे आणावे. मालमत्तेचे आणि पदाचे वाद न्यायालयात नेण्याआधी करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय दोन्ही पक्षांनी एकत्र बसून वाचावा. तेथे पौल विचारतो की त्यापेक्षा नुकसान का सोसत नाही, आणि हा प्रश्न तो दोन्ही बाजूंना विचारतो.

या पद्धतीला एक अपवाद आहे आणि तो लेखी नोंदवून ठेवावा. बालकांवरील अत्याचार, लैंगिक छळ आणि घरातील मारहाण ही दोन व्यक्तींची भांडणे नव्हेत. पीडित व्यक्तीला छळणाऱ्यासमोर एकटे बसवून समेट करायला सांगणे हा दुसरा अत्याचार ठरतो. अशा वेळी आधी सुरक्षित जागा, मग कायद्याने नेमलेली यंत्रणा, आणि पाळक सोबतीला, हाच क्रम राहिला पाहिजे.

कोणी काय सोडायचे

आत्मत्यागाच्या शिकवणीचा सर्वांत मोठा गैरवापर येथेच होतो. मार खाणाऱ्या पत्नीला ‘हा तुझा वधस्तंभ आहे’ असे सांगितले जाते, आणि तेच वचन तिच्या नवऱ्याला किंवा त्याला पाठीशी घालणाऱ्या वडीलजनांना कोणी ऐकवत नाही. फिलिप्पैकरांस पत्रातील ख्रिस्तगीत नीट वाचले तर दिशा स्पष्ट दिसते: जो देवाच्या बरोबरीचा होता त्याने स्वतःला रिक्त केले. तो वरून खाली आला. जे आधीच खाली दाबले गेले आहेत त्यांनी आणखी वाकावे असे ते गीत सांगत नाही. छळापासून दूर जाणेही शास्त्राला वर्ज्य नाही. एका नगरात छळ झाला तर दुसरीकडे पळा असे येशूने शिष्यांना सांगितले, पौल दिमिष्काच्या (दमास्कसच्या) कोटावरून पाटीत बसून निसटला, आणि फटके मारायला निघालेल्या शतपतीला, म्हणजे रोमी सैन्यातील अधिकाऱ्याला, त्याने आपल्या रोमी नागरिकत्वाची आठवण करून दिली. म्हणून पाळकाने व्यासपीठावरून वधस्तंभाविषयी बोलताना आपण कोणाला उद्देशून बोलत आहोत हे दर वेळी स्वतःशी तपासावे.

मंडळीच्या त्यागाची मोजणी जमाखर्चाच्या वहीतून करता येते. मागील वर्षाचा हिशेब समोर घ्यावा आणि जो खर्च स्वतःच्या सभासदांसाठी झाला त्याखाली एका रंगाची, बाहेरच्यांसाठी झाला त्याखाली दुसऱ्या रंगाची रेघ ओढावी. वेतन, वीज, दुरुस्ती, सण, ध्वनिव्यवस्था हे सगळे पहिल्या रंगात जाते. तो आवश्यक खर्च आहे, त्याची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. परंतु दुसरा रंग शोधावा लागत असेल तर पुढच्या अंदाजपत्रकात तो आधी लिहावा आणि उरलेल्यातून पहिला भागवावा. पैशापेक्षा अवघड त्याग मानाचा असतो. तीच ती माणसे वर्षानुवर्षे पदावर असतील तर त्यांनी स्वतःहून जागा रिकामी करणे, आणि इमारत ज्यांच्याकडून काही परत मिळणार नाही अशांसाठी उघडणे, या दोन गोष्टी मंडळीला प्रवचनांपेक्षा अधिक शिकवतात.

सराव

अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात १९५९ साली जेम्स लॉसन या मेथडिस्ट धर्मसेवकाने चर्चच्या तळघरात विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. उपाहारगृहात गोऱ्यांसाठी राखलेल्या जागी शांतपणे बसण्याची ती तयारी होती. काही विद्यार्थी खुर्च्यांवर बसत आणि बाकीचे त्यांना शिव्या देत, ढकलत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत. मारहाण झाली तर डोके कसे झाकायचे, सोबत्यावर मार पडत असेल तर मध्ये कसे यायचे, हे अंगाने शिकवले जाई. प्रत्यक्ष आंदोलनातील सूचना अगदी साध्या होत्या: उलट मारू नका, उलट शिवी देऊ नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा, प्रमुखाने सांगितल्याशिवाय जागा सोडू नका. फेब्रुवारी १९६० मध्ये ते बसायला लागले आणि मे महिन्यात त्या उपाहारगृहांनी सर्वांना वाढायला सुरुवात केली.

अहिंसा जन्मजात नसते याचा पुरावा अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांच्याच आयुष्यात आहे. मॉन्टगोमेरी शहरात बसमधील वर्णभेदाविरुद्ध झालेल्या बस-बहिष्काराच्या काळात त्यांच्या घरात बंदूक होती आणि शस्त्रपरवान्यासाठी त्यांनी केलेला अर्ज फेटाळला गेला होता. ३० जानेवारी १९५६ रोजी त्यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. पत्नी आणि तान्ही मुलगी आत होत्या, सुदैवाने त्यांना इजा झाली नाही. बाहेर चिडलेला जमाव जमला, काहींच्या हातात शस्त्रे होती, तेव्हा किंग यांनी ओसरीवर उभे राहून त्यांना शस्त्रे घरी नेऊन ठेवायला सांगितले. शस्त्र पूर्ण सोडण्याचा निर्णय त्यांनी त्यानंतर, सहकाऱ्यांशी बोलत बोलत घेतला.

मंडळीने वर्षातून किमान एकदा असा सराव करावा. प्रसंग कल्पून घ्यावा: उपासना चालू असताना दारात संतप्त जमाव आला आहे. दाराशी बोलायला कोण जाणार, हे नावानिशी ठरलेले असावे. ती दोन माणसे शांत स्वभावाची असावीत, तगडी असण्याची गरज नाही. त्यांनी हात उघडे आणि दिसतील असे ठेवावेत, आवाज समोरच्याच्या आवाजापेक्षा खालच्या पट्टीत ठेवावा, जमावाशी एकदम न बोलता त्यातील एकाशी बोलावे, त्याचे नाव विचारावे. मुले आणि वृद्ध कोणत्या दाराने बाहेर पडणार, पोलिसांना फोन कोण करणार, इस्पितळात कोण जाणार, हेही ठरवावे. पोलिसांना बोलावणे अहिंसेत बसते का, अशी शंका प्रामाणिकपणे विचारली जाते. आपल्याविरुद्धच्या कटाची बातमी पौलाने भाच्याकरवी रोमी सरदारापर्यंत पोहोचवली होती, एवढे उदाहरण मला पुरेसे वाटते. दगडाला दगडाने उत्तर द्यायचे नाही एवढे मात्र आधीच पक्के झालेले असावे, आणि ज्यांना ते जमणार नाही असे वाटते त्यांनी तसे मोकळेपणाने सांगून त्या दिवशी पुढे न येण्याची मुभा असावी.

इतरांसाठी पुढे होणे

केवळ आपल्या माणसांच्या छळाबद्दल बोलणारी मंडळी फार तर आपल्या हिताचे रक्षण करते. फ्रान्समधील ल शाँबों गावात २३ जून १९४० रोजी, फ्रान्सने नाझी जर्मनीपुढे शरणागती पत्करल्याच्या दुसऱ्या दिवशी, आंद्रे त्रोकमे आणि एदुआर तैस या पाळकांनी आत्मिक शस्त्रांनी प्रतिकार करण्याचे आवाहन केले. पुढील चार वर्षांत त्या डोंगराळ भागातील लोकांनी हजारो यहुदी निर्वासितांना घरांत, शेतांवर आणि वसतिगृहांत लपवले. त्रोकमे यांच्या नात्यातील डॅनियल हे आपल्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांसोबत पकडले गेले आणि छळछावणीत मरण पावले. याउलट फ्रान्झ येगरश्टेटर या ऑस्ट्रियन शेतकऱ्याने हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला तेव्हा त्याच्या बिशपानेही त्याला पाठिंबा दिला नाही. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला, आणि चर्चने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले ते २००७ मध्ये. सदसद्विवेकासाठी किंमत मोजणाऱ्या सभासदाला वकील, त्याच्या कुटुंबाला घरखर्च आणि त्याला दर आठवड्याला भेट देणारी माणसे, हे मंडळीने आधीच ठरवून ठेवावे.

सार्वजनिक कृती साधी आणि नियमित असावी. तेव्हाच्या साम्यवादी पूर्व जर्मनीतील लाइपझिगच्या निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांतीची प्रार्थना होत असे, बरेचदा मोजक्या लोकांसह. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी सुमारे ७०,००० लोक रस्त्यावर उतरले, अनेकांच्या हातात मेणबत्त्या होत्या, आणि सज्ज असलेल्या सुरक्षादलांनी गोळी चालवली नाही. प्रत्येक वेळी असे होत नाही, आणि मंडळीला तसे आश्वासन देऊ नये. १५६९ मध्ये नेदरलँड्समध्ये डर्क विलेम्स नावाचा अ‍ॅनाबॅप्टिस्ट, आपल्या विश्वासामुळे होणाऱ्या पाठलागातून निसटत होता; मागचा माणूस गोठलेल्या पाण्याचा बर्फ फुटून बुडू लागला, डर्कने परत फिरून त्याला बाहेर काढले, आणि त्यानंतर पकडून त्याला जाळण्यात आले.

हिंसा घडून गेल्यावर

पहिले काम जखमींचे आणि शोकाचे. मृतांची नावे उपासनेत घ्यावीत, विलापाची स्तोत्रे वाचावीत, रडू द्यावे. क्षमा ही दुखावलेल्याची देणगी असते. व्यासपीठावरून ती त्याच्याकडे मागू नये आणि कॅमेऱ्यासमोर तर कधीच नाही. २ ऑक्टोबर २००६ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात आमिश लोकांच्या (अ‍ॅनाबॅप्टिस्ट परंपरेतील, साधेपणाने राहणाऱ्या समाजाच्या) शाळेत दहा मुलींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतील पाच दगावल्या. त्याच दिवशी आमिश मंडळी हल्लेखोराच्या घरच्यांना धीर द्यायला गेली आणि पुढे त्याच्या दफनविधीलाही हजर राहिली. ते कोणाच्या हुकमाने घडले नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीतून घडले. तुमच्या मंडळीत तशी सवय अजून नसेल तर निदान एवढे करावे: मध्यस्थीच्या प्रार्थनेत ज्यांनी इजा केली त्यांच्यासाठीही प्रार्थना करावी, सूडाची भाषा कमिटीच्या ठरावात येऊ देऊ नये, आणि न्यायालयात साक्ष द्यावी लागली तर न वाढवता, न लपवता खरे सांगावे. साक्षीदाराला एकटे पाठवू नये. दर तारखेला त्याच्यासोबत मंडळीतील किमान दोघांनी जावे.