लाव्हाची क्लिप आधी आवाज बंद करून दाखवा

दख्खनचे पठार शिकवताना हवाईतल्या किलाउआ ज्वालामुखीची २०१८ची क्लिप कामी येते. तेव्हा लेलानी इस्टेट्स वस्तीत जमिनीला भेगा पडून लाव्हा थेट रस्त्यांवर आला होता. क्लिप आदल्या दिवशीच उतरवून ठेवा, वर्गात नेटचा भरवसा नको. दोन मिनिटं पुरे. पहिल्यांदा आवाज बंद. लाव्हा पसरू लागला की थांबवा आणि विचारा, "आता इथे शंकूसारखा डोंगर होईल की सपाट थर?" मुलं वाद घालतील, घालू द्या. मग आवाजासह पुन्हा लावा. लगेच सह्याद्रीतल्या एखाद्या कड्याचा फोटो दाखवून आडवे थर मोजायला सांगा. आपला बेसॉल्टही (लाव्हा थिजून बनलेला काळा खडक) सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः भेगांतूनच थरावर थर साचला. ढणढणाटी पार्श्वसंगीताच्या क्लिपा मात्र टाळाच.