शेवंतीला रात्र मोजून द्या: पॉलिहाऊसमधलं दिव्यांचं आणि काळ्या कापडाचं गणित

सासवडच्या बाजूला आमचं १० गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. त्यात मी काडीची, म्हणजे लांब देठासकट विकायची शेवंती घेते. रात्री दिवे का लावता, हा प्रश्न रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस विचारतो. आमचे नाना, म्हणजे सासरे, आयुष्यभर उघड्या रानात सुट्या फुलांची शेवंती करत आले. त्यांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, "दिवे लावून रोप वाढवायचं असेल तर मग सूर्य काय कामाचा?" नानांचा प्रश्न रास्त आहे. फक्त हे दिवे रोप वाढवायला नसतातच. ते रात्र मोडायला असतात.

१९२०मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवलं, की फूल कधी धरायचं हे काही झाडं दिवसाच्या लांबीवरून ठरवतात. पुढे असंही कळलं, की झाड खरं तर सलग अंधार मोजतं. मधेच थोडा वेळ उजेड पडला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शेवंती, पॉइन्सेटिया, भांग, सोयाबीनचे बरेचसे वाण, सगळे याच पंगतीतले. रात्र लांब झाली की कळी धरतात.

आता आपल्याकडची अडचण बघा. पुण्याच्या अक्षांशावर जूनमधला सगळ्यात मोठा दिवससुद्धा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो आणि डिसेंबरात तो ११ तासांवर येतो. शेवंतीच्या बहुतेक वाणांना कळी धरायला साडेतेरा-चौदा तासांहून लहान दिवस पुरतो. म्हणजे लावलं आणि सोडून दिलं, तर रोप वीतभर असतानाच कळीवर येणार. सुट्या फुलाला ते चालतं, हार करणारा काडीची लांबी बघत नाही. पण पुण्याला गुलटेकडीच्या बाजारात काडीचं फूल न्यायचं तर दीड-दोन फुटांची सरळ काडी लागते. तेवढी उंची मिळेपर्यंत रोपाला लांब रात्र दिसू द्यायची नाही. त्यासाठी दिवे.

लागवडीच्या दिवसापासून साधारण ४ ते ५ आठवडे रात्री १० ते २ दिवे चालू ठेवायचे. संध्याकाळी लावून दिवस लांबवण्यापेक्षा मध्यरात्री लावलेले परवडतात, कारण तेवढ्याच युनिटांत रात्रीचे दोन आखूड तुकडे होतात. बेडच्या वर दीड मीटरवर, अडीच-अडीच मीटर अंतरावर ९ वॅटचे एलईडी. दुकानदार पांढरे स्वच्छ बल्ब पुढे करतो, ते घेऊ नका. पिवळसर घ्या. झाडाला अंधार मोडल्याची खूण मुख्यतः लाल किरणांवरून कळते आणि पिवळ्या बल्बमध्ये लाल जास्त असतो. १० गुंठ्याला सुमारे १६० बल्ब बसतात. म्हणजे दीड किलोवॅट, रात्रीला ६ युनिट. टायमरवर १० मिनिटं चालू, २० मिनिटं बंद असं लावलं तरी काम होतं आणि बिल तिसऱ्या हिश्श्यावर येतं. पण त्याला चांगला टायमर आणि कॉन्टॅक्टर, म्हणजे टायमरच्या इशाऱ्यावर दिव्यांची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, लागतो. स्वस्तातला असेल तर सतत चालू-बंद होऊन तो आधी जातो.

लक्स मीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, एकदा तरी आणा. शेंड्याच्या उंचीवर १०० लक्सच्या आसपास उजेड हवा, आणि मोजायचं ते दिव्याखाली नाही तर कोपऱ्यात, पडद्याच्या कडेला. आधी कळीवर येतात ती तिथलीच रोपं.

वीज हा वेगळाच विषय. शेतीच्या फीडरची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. दिव्यांसाठी सिंगल फेज वेगळी घ्या आणि टायमरला बॅटरी बॅकअप असेल असं बघा. नाहीतर लाईट गेली की घड्याळ मागे पडतं आणि दिवे पहाटे पेटायला लागतात.

तारीख उलटी मोजायची. दसऱ्यासाठी माल १५ ऑक्टोबरला काढायचा आहे आणि वाण ९ आठवड्यांचा आहे, म्हणजे दिवे बंद केल्यापासून फुलायला त्याला ९ आठवडे लागतात, असं धरा. दिवे बंद १३ ऑगस्टला. त्याआधी ५ आठवडे, म्हणजे लागवड ९ जुलैच्या सुमारास. वाण किती आठवड्यांचा, हे रोपं देणाऱ्याकडून लिहून घ्या. तोंडी सांगितलेला आकडा प्रत्येक वेळी वेगळा निघतो.

दिवे बंद केले की काम संपलं, असं मे ते ऑगस्टमध्ये समजू नका. सूर्य मावळल्यावरचा आणि उगवण्याआधीचा संधिप्रकाशही रोप दिवसातच धरतं. या महिन्यांत रात्र लांबवायला बेडवर काळं कापड ओढावं लागतं. पुस्तकात संध्याकाळी ५ला ओढा असं असतं. आपल्याकडे मे महिन्यात ५ला कापड ओढलंत तर आत भट्टी होते, आणि गरम रात्रीत कळी अडते. मी साडेसहाला ओढते, सकाळी ८ला काढते. साडेतेरा तास पुरतात.

कापड बसवल्यावर भर दुपारी एकदा आत जाऊन उभं राहायचं. पाच मिनिटांत डोळे सरावतात. मग शिवणीतून, खिळ्यांच्या भोकांतून, खालच्या कडेनं उजेड कुठून येतो ते दिसतं. पेपरचे मथळे वाचता आले तर कापड कामाचं नाही. पौर्णिमेच्या चांदण्याची भीती नको, ते एक लक्ससुद्धा नसतं. बॅटरी घेऊन कुणी फेरी मारली तरी चालेल. पण पंपाच्या खोलीवरचा रात्रभर जळणारा हॅलोजन मात्र काढायचाच. त्याच्यासमोरच्या ओळीत कळी धरते पण तिथेच थांबते. तिच्याखालची पानं खाचा न पडता पट्टीसारखी लांबोडी येतात, आणि कडेनं नव्या फुटी निघून ती कळी मागे पडते. अशी पानं दिसली की खत-औषध शोधत बसू नका, उजेड कुठून येतोय ते शोधा.

गडी रविवारी सुट्टीवर असला तरी कापड ओढावंच लागतं. आठवड्यातून एक रात्र सुटली तरी फूल उशिरा येतं, आणि सगळा बेड एका तोडणीत निघत नाही. कळीला रंग दिसेपर्यंत कापड चालू ठेवायचं, नंतर बंद केलं तरी चालतं.

मातृरोपांचा, म्हणजे लावायच्या काड्या ज्यांच्यावरून घेतो त्या रोपांचा बेड मात्र वेगळा ठेवायचा, आणि तिथले दिवे बाराही महिने, रोज रात्री चालू. तिथे एक आठवडा ढिलाई झाली तर काडीतच कळी बसते, आणि अशी काडी रुजली तरी तिला उंची येत नाही.