पणजी पायी पाहावी कशी: हललेल्या वस्तूंचा माग

पणजीत येणारी बहुतेक मंडळी चर्चच्या पायऱ्यांवर छायाचित्र काढतात, फोंतेन्हास या जुन्या वस्तीतल्या रंगीत भिंतींपुढे उभी राहतात आणि मग समुद्राकडे निघून जातात. गोव्याच्या या राजधानीचा इतिहास ज्यांना समजून घ्यायचा आहे, त्यांनी प्रत्येक वास्तूपाशी आणि पुतळ्यापाशी दोन प्रश्न विचारावेत: ही वस्तू आधी कुठे होती, आणि या जागी आधी काय होते? पोर्तुगीजांची जुनी राजधानी, म्हणजे आजचा जुना गोवा, रोगराईच्या साथींनी ओस पडत गेली. व्हाइसरॉयने १७५९ मध्ये पणजीतील आदिलशाही वाड्यात मुक्काम हलवला आणि १८४३ मध्ये शाही फर्मानाने पणजी अधिकृत राजधानी झाली. माणसे आणि कचेऱ्या आल्या तशा घंटा, खांब आणि मूर्तीही आल्या. पुढे १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि वस्तू हलवण्याची दुसरी फेरी सुरू झाली.

म्हणूनच आरंभ पणजीत न करता सुमारे १० किलोमीटरवरील जुन्या गोव्यात करावा. तेथे ऑगस्टिनियन मठाच्या पडक्या मनोऱ्याखाली थोडा वेळ थांबावे, कारण त्याची घंटा आता पणजीत आहे. पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातला, गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कचा पुतळाही लक्षात ठेवावा; त्याची रिकामी झालेली जागा पुढे दिसणार आहे. परतताना रायबंदरच्या रस्त्याने यावे. मिठागरे आणि पाणथळ जमीन ओलांडणारा तीन किलोमीटरहून लांब असा हा बांध व्हाइसरॉय असलेल्या लिन्यारिशच्या काउंटने १६३३-३४ च्या सुमारास बांधून घेतला आणि आजही त्यावरून वाहने धावतात. जुन्या राजधानीतून नव्या राजधानीत शिरण्याची ही खरी वाट आहे.

शहरात पोहोचल्यावर मांडवीच्या काठी, आदिलशाही वाड्यापासून पायी निघावे. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने बांधलेला हा वाडा पुढे व्हाइसरॉयचे निवासस्थान झाला, नंतर सचिवालय झाला आणि पर्वरीला नवे संकुल होईपर्यंत गोव्याची विधानसभाही येथेच भरत असे. राज्यकर्ते बदलले तरी सत्तेचे घर बदलले नाही, असे पणजीतले हे एकच ठिकाण असावे. शेजारीच संमोहनशास्त्राचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ पासून तेथे उभा आहे. त्यातील आवेशामुळे मुलांना तो भीतिदायक वाटतो, मोठ्यांना विसरता येत नाही.

तेथून आझाद मैदानावर यावे. मैदानातील मंडपाचे खांब जुन्या गोव्यातून आणलेले आहेत. मंडपात पूर्वी आल्बुकर्क उभा होता; आता मैदानात मुक्तिलढ्यातील हुतात्म्यांचे आणि त्या लढ्याचे अग्रणी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक आहे. समोरच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेचेही तसेच झाले. १८७१ मध्ये ती वास्को द गामाच्या नावाने स्थापन झाली आणि मुक्तीनंतर तिला वसाहतवादाचे टीकाकार असलेल्या पत्रकाराचे नाव मिळाले. प्रवेशदालनातील निळ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरशांकडे मात्र कोणी हात लावला नाही. जोर्जे कोलासो यांनी १९३५ मध्ये केलेल्या या फरशांवर पोर्तुगीज कवी कामोंइशच्या महाकाव्यातील प्रसंग आहेत, म्हणजे वास्को द गामाचाच प्रवास आहे. दारावर एक नाव आणि भिंतीवर दुसऱ्याचा गौरव! येथे घाई करू नये.

पुढे चर्चचा चौक. वर टांगलेली घंटा १८७१ मध्ये आली आणि तीच ऑगस्टिनियन मठातील घंटा होय. खालच्या नगरपालिका उद्यानातील स्तंभावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आता तेथे अशोकाचे सिंह आहेत. दादा वैद्य मार्गावरील महालक्ष्मी मंदिर पर्यटकांच्या यादीत सहसा नसते, पण ते वगळू नये; कित्येक पिढ्यांच्या बंदीनंतर १८१८ च्या सुमारास पणजीत परवानगीने उभे राहिलेले हे पहिले हिंदू देवालय मानले जाते.

फोंतेन्हासला सकाळी लवकर जावे. उन्हाचा त्रास होत नाही आणि सायकलवरचा पोदेर पाव-पोई घेऊन फिरताना दिसतो. सान सेबास्तियाव कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरात, डोळे उघडे असलेला आणि मान ताठ ठेवलेला क्रूसावरचा ख्रिस्त आहे. तो मूळचा इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातला. १८१२ मध्ये ते न्यायासन बंद झाल्यावर तो व्हाइसरॉयच्या वाड्यात गेला आणि १९१८ मध्ये या कपेलात आला. फोंतेन्हास ही लोकांच्या राहत्या घरांची वस्ती आहे, हे ध्यानात ठेवावे. कोणाच्या पायरीवर बसून छायाचित्रे काढणे रहिवाशांना खपत नाही, आणि त्यांचे बरोबरच आहे. दुपारी एकनंतर बरीच दुकाने बंद होतात. तो वेळ जेवणाला द्यावा, किंवा पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात घालवावा. १८३२ मध्ये सुरू झालेल्या या ग्रंथालयाला आता सोळाव्या शतकात मराठीत लिहिणाऱ्या कृष्णदास शामा यांचे नाव आहे. १९६७ च्या जनमत कौलाविषयी वाचायचे असल्यास जुनी वृत्तपत्रे मागून पाहावीत. त्या १६ जानेवारीला महाराष्ट्रात विलीन होण्याचा पर्याय निवडला गेला असता, तर १९८७ मध्ये पणजी घटकराज्याची राजधानी झालीच नसती.

संध्याकाळ शहरातल्या कांपाल भागासाठी राखून ठेवावी. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या कला अकादमीचे मुख्य प्रेक्षागृह दीनानाथ मंगेशकर यांच्या नावाने आहे आणि त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडा यांनी प्रेक्षक रंगवले आहेत. येथे मराठी नाटक, कोंकणी तियात्र आणि शास्त्रीय संगीत यांपैकी जे चालू असेल ते पाहावे. चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला असते, चित्रपट महोत्सव सामान्यतः नोव्हेंबरात भरतो. कार्निव्हल आणि शिगमो यांच्या मिरवणुकींच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या आधी विचारून घ्याव्यात, आणि त्या दिवशी गाडी शहराबाहेर ठेवावी.