फुटबॉलला नवा प्रेक्षक आणायचाय? मग तिकिटाचे नियम असे ठरवा

नागपुरात फुटबॉल खेळणाऱ्यांची वानवा नाही. कामठीचा रब्बानी क्लब, यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं इथल्या मैदानांवर जुनी आहेत. वानवा आहे ती घरच्यांना घेऊन सहज सामना बघायला येणाऱ्यांची. हाच नागपूरकर जामठ्याच्या स्टेडियमवरच्या क्रिकेटसाठी वर्धा रोडची कोंडी निमूट सोसतो. फुटबॉलला तो येत नाही याची कारणं बरीच आहेत, पण तिकिटाचे नियम तरी आयोजकांच्या हातात असतात. तुमचा क्लब किंवा मंडळ तिकीट लावून स्पर्धा भरवणार असेल, तर या क्रमाने जा.

1. आधी जागा मोजा

मैदानावर किती माणसं सुरक्षित बसू शकतात, किती गेट उघडी राहतील, हे आधी लिहून काढा. तो आकडा ओळखीपाळखीच्या दबावाखाली ओलांडू नका. 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्यात ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या फुटबॉल सामन्यात गर्दी हाताबाहेर गेली आणि 16 प्रेक्षकांचा जीव गेला.

2. जागा उरते की अपुरी पडते, ते पाहा

माझ्या मते सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. आर्सेनल किंवा लिव्हरपूल या इंग्लंडच्या क्लबांच्या सामन्याचं तिकीट हवं असेल तर बहुतेकदा आधी पैसे भरून सभासद व्हावं लागतं, मग सोडतीत नाव टाकावं लागतं, आणि तरीही तिकिटाची खात्री नसते. सहज आलेल्या माणसाला तिथे जवळपास दार बंद असतं. त्यांना ते परवडतं, कारण मैदान भरलेलंच असतं. आपल्याकडे स्टँड अर्धा रिकामा असताना सभासदत्व, नोंदणी, आगाऊ बुकिंग अशा अटी घातल्या, तर आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतो. मागच्या स्पर्धेत जागा उरली असेल, तर यातली एकही अट ठेवू नका.

तिकिटावर नाव छापण्याचंही तसंच. इटलीत प्रेक्षकांमधल्या हिंसाचारानंतर 2005 मध्ये नावाचं तिकीट सक्तीचं झालं. त्यामागे कारण होतं. पण अशा तिकिटाने मित्राला ऐनवेळी ‘मला जमत नाही, तू जा’ म्हणणं अवघड होतं. आपल्याला साधा अनुक्रमांक पुरतो.

3. दर ठरवताना मुलांचा विचार आधी करा

2024 च्या अखेरीस इंग्लंडच्याच मँचेस्टर युनायटेड क्लबाने मोसमातल्या उरलेल्या सामन्यांसाठी सभासदांच्या तिकिटाचा दर सरसकट 66 पौंड केला. मुलांना आणि ज्येष्ठांना सवलत नाही. चाहते चिडले, आणि मला ते रास्त वाटतं. उलट टोकाला ब्रॅडफर्ड सिटी. इंग्लंडच्या तिसऱ्या श्रेणीत असताना या क्लबाने 2015-16 साठी प्रौढांचा सीझन पास, म्हणजे पूर्ण मोसमाचं तिकीट, 149 पौंडांना दिला, म्हणजे घरच्या मैदानावरच्या 23 सामन्यांसाठी सामन्यामागे साडेसहा पौंडांच्या आसपास. मैदानावरची गर्दी वाढली.

नागपुरात मी मोठ्यांना थोडंसं का होईना तिकीट लावीन आणि सोबतच्या शाळकरी मुलांना मोफत सोडीन. सगळंच फुकट केलं की पास वाटले जातात आणि जागा रिकाम्या राहतात. एका मुलामागे निदान एक मोठा माणूस येतो, हे विसरू नका.

4. गेटवरची विक्री बंद करू नका

नवा प्रेक्षक आठवडाभर आधी ठरवत नाही. तो दुपारी चारला ठरवतो. यशवंत स्टेडियमसारखं मैदान असेल तर सीताबर्डीला खरेदीला आलेला माणूसही आत डोकावू शकतो, पण खिडकी उघडी असेल तरच. त्यामुळे निदान एक तृतीयांश तिकिटं सामन्याच्या दिवसासाठी राखून ठेवा. रोख आणि यूपीआय दोन्ही घ्या. ॲप उतरवून घ्या, ओटीपी टाका, ही भानगड नको. तेवढ्यात रांगेतलं कुटुंब माघारी फिरतं.

गेटवरच्या बारीक नियमांनी माणूस कायमचा दुरावतो. इथल्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. पाण्याची बाटली काढून घ्यायची असेल, तर आत थंड पाण्याची सोय आधी करा. मध्यंतरात चहाला बाहेर जाणाऱ्याच्या हातावर शिक्का मारा आणि त्याला परत आत घ्या. कुटुंबांसाठी वेगळा भाग ठेवा. तिथे बाकी काही नसलं तरी बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवंच.

5. जुन्यांना दुखवू नका

फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलच्या हजारो चाहत्यांनी सामन्याच्या 77 व्या मिनिटाला मैदान सोडलं, कारण पुढच्या मोसमासाठी 77 पौंडांचं तिकीट जाहीर झालं होतं. मालकांनी ते मागे घेतलं. आपल्याकडे दरवर्षी उन्हात बसणारे ठरलेले चेहरे आहेत. त्यांची जागा त्यांनाच द्या, आणि सीझन पासवर दोन-तीन सामन्यांना एक पाहुणा मोफत आणू द्या. नवा माणूस पोस्टर पाहून कमी येतो, ओळखीच्याने ओढून आणला तर जास्त येतो.

6. दुसऱ्यांदा येण्याचं कारण हातात द्या

गेटवर एकच प्रश्न विचारा: ‘पहिल्यांदाच आलात का?’ हो म्हणणाऱ्याला वेगळ्या रंगाचं तिकीट द्या. संध्याकाळी तेवढे तुकडे मोजले की नवे किती आले ते कळतं. त्या तिकिटाच्या मागे पुढच्या सामन्याची तारीख, वेळ आणि ‘हे दाखवल्यास अर्धा दर’ एवढं छापून ठेवा.