समस्थिती शिकताना: आकड्यांआधी साखळी

फिजिऑलॉजीचं पहिलं वर्ष सुरू झालं की, नर्सिंगची असोत वा एमबीबीएसची, बहुतेक मुलं आधी नॉर्मल आकडे पाठ करतात: सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५. समस्थिती म्हणजे शरीराने आतली स्थिती ठरलेल्या मर्यादेत राखणं, तेव्हा आकडे लागतातच. पण वायवाला (तोंडी परीक्षेला) प्रश्न येतो तो "हे बिघडलं तर शरीर काय करतं?" असा, आणि तिथे गाडी अडते. म्हणून प्रत्येक घटकाची साखळी लिहायची सवय लावा: मोजतं कोण, पातळी ठरवतं कोण, निरोप कशातून जातो, काम कोण करतं.

उदाहरण आपल्याकडचंच घ्या. वसमत भागात मार्च-एप्रिलात हळद शिजते. कुकरजवळच्या मजुराला वरून ऊन, समोरून वाफ. रक्त जरासं तापलं की मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळतं. कातडीच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, सिंपथेटिक (आपल्या इच्छेविना चालणाऱ्या) नसांमधून घामाच्या ग्रंथींना निरोप जातो. (या नसांच्या टोकाला निरोप पोचवणारं रसायन म्हणून ॲसिटिलकोलीन सुटतं, नॉरॲड्रेनलीन नव्हे, हमखास चुकणारी जागा.) हवा कातडीपेक्षा गरम झाली की उष्णता टाकायला एकच वाट उरते: घाम वाळण्याची. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी नेतो. निथळून मातीत पडलेला घाम मात्र वाया, आणि वाफेत तो नीट वाळतही नाही.

घामात मीठ रक्तापेक्षा कमी असतं. त्यामुळे पाणी जास्त जातं, रक्ताची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण, नॉर्मल २७५ ते २९५) वर सरकते. एक-दोन टक्क्यांचा फरकही पुरतो: तहान लागते, एडीएच हे संप्रेरक सुटतं, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं, लघवी कमी आणि गडद पिवळी होते. घामातून मीठही गेलेलं असताना तासन्‌तास भरमसाट नुसतं पाणी प्यायलं, तर सोडियम घसरतं. डोकेदुखी, उलटी, भ्रम ही त्याची लक्षणं.

ओआरएसचं मोठं पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. त्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम. ग्लुकोज ताकदीसाठी आहे असं लिहू नका. आतड्यात सोडियम त्याच्यासोबत आत शिरतं आणि मागोमाग पाणी. तेच पाकीट अर्ध्या लिटरात कालवलं तर द्रावण इतकं दाट होतं की पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भेद. तापात हायपोथॅलॅमसने ठरवलेली तापमानाची पातळीच वर चढते, म्हणून ३८ अंशांनाही रोगी थंडीने कुडकुडतो. पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणतं. उष्माघातात पातळी ३७च्या आसपासच असते. थंड करणारी यंत्रणा हरलेली असते. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. अंग ४० अंशांवर आणि बोलणं असंबद्ध, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, लगेच दवाखाना गाठा. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने पाणी देऊ नका. कष्टाच्या कामात उष्माघात झाला तर घाम सुरूही असू शकतो, त्यामुळे कातडी कोरडी होण्याची वाट पाहू नका.

वरच्या साखळ्या बदल परत फिरवतात; बदल आणखी वाढवणाऱ्या साखळीची, म्हणजे पॉझिटिव्ह फीडबॅकची, उदाहरणं थोडीच: प्रसूतीतलं ऑक्सिटोसिन, रक्त गोठणं. तेवढी पुरतात.

सरावाला रक्तातल्या साखरेची साखळी स्वतः काढा, आणि मधुमेहात ती कुठे तुटते ते लाल शाईने दाखवा: टाइप १ मध्ये निरोप देणारं इन्सुलिनच नाही, टाइप २ मध्ये निरोप आहे पण पेशी दाद देत नाहीत.