क्रायोग्लोब्युलिनची टेस्ट सांगितलीय? सॅम्पल गारठू देऊ नका

आपल्याकडे धुळ्या-जळगावला जानेवारीची थंडी काय असते ते सांगायला नको, त्यात शेतीची लाईट रात्रीची, म्हणजे गव्हाला पाणी भरायला माणूस गार पाण्यात उभा. अशा दिवसांत पिंडऱ्यांवर लाल-जांभळे ठिपके उठले, बोटाने दाबूनही फिके होत नाहीत, सोबत सांधे दुखतात, पाय झिणझिणतात, अंगात त्राण नाही, तर काहीतरी चावलं असेल म्हणून खोबरेल चोळत बसू नका. लघवीला फेस येतोय, चेहरा सुजलाय किंवा पाऊल उचलत नाहीये असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

याचं एक कारण क्रायोग्लोब्युलिन. रक्तातली ही प्रोटीनं ३७ डिग्रीच्या खाली आली की तूप थिजतं तशी थिजतात अन् गरम केलं की परत विरघळतात. यातल्या मिश्र प्रकारच्या आजारामागे (म्हणजे एकापेक्षा जास्त जातीची अशी प्रोटीनं असतात तो) बऱ्याचदा हेपॅटायटिस सीचा, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा व्हायरस असतो, हा रक्तातून पसरतो, दुसऱ्यावर वापरलेली सुई, जुन्या काळी न तपासता चढवलेलं रक्त वगैरे. हेपॅटायटिस सी झालेल्या प्रत्येकाला हा त्रास होतो असं नाही हां.

आता मेन गोष्ट. रक्त काढायच्या आधीच लॅबवाल्याला विचारा, भाऊ, ३७ डिग्रीचं इन्क्युबेटर किंवा वॉटर बाथ आहे का? सिरिंज आणि साधी लाल झाकणाची ट्यूब आधी कोमट केलेली पाहिजे, रक्त त्याच तापमानात तासभर गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूजही गरमच, आणि सिरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पिवळसर पाणी, वेगळं झालं की मगच ते ४ डिग्रीला ठेवून आठवडाभर बघतात गाळ बसतो का. म्हणजे सिरम काढल्यावर गार चालतं, त्याआधी अजिबात नाही, नाहीतर ती प्रोटीनं गोठलेल्या रक्तातच थिजून राहतात अन् सिरममध्ये येतच नाहीत. कलेक्शन सेंटरचा पोऱ्या ट्यूब बर्फाच्या डब्यात टाकून गाडीने पुण्याला पाठवत असेल तर तो निगेटिव्ह रिपोर्ट माझ्या मते रद्दीतच टाका. सोय नसेल तर जिथे टेस्ट लागते तिथेच जाऊन रक्त द्या, नाहीतर निदान थर्मासमध्ये कोमट पाणी, ताप मोजायच्या थर्मामीटरने ३७ बघून, त्यात ट्यूब उभी ठेवून लगेच पोचवा.

सोबत अँटी-एचसीव्ही (हेपॅटायटिस सीची पहिली टेस्ट), ते पॉझिटिव्ह आलं तर एचसीव्ही आरएनए (व्हायरस आत्ता रक्तात आहे का ते बघणारी), शिवाय सी४ (रक्तातलं रोगप्रतिकाराचं एक प्रोटीन), आरए फॅक्टर (संधिवातासाठी करतात ती), क्रिएटिनिन (किडनीची), लघवीची तपासणी. इथे एक गंमत होते, या आजारात आरए फॅक्टर बऱ्याचदा पॉझिटिव्ह येतो, मग पेशंट वर्षानुवर्षं संधिवाताच्या गोळ्या खात बसतो. सी४ खूप कमी असेल तर डॉक्टरांना ते मुद्दाम दाखवा.

व्हायरस सापडला तर घाबरू नका, सोफोसबुविर आणि सोबतची गोळी, बहुतेकांना १२ आठवडे, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ही औषधं फुकट मिळतात, सिव्हिलला चौकशी करा. सुरू करण्याआधी हेपॅटायटिस बीचीही टेस्ट करून घ्या, तो लपलेला असेल तर उसळी मारतो. किडनी किंवा नसांवर आलं असेल तर रिटुक्सिमॅबसारखी औषधं लागतात, ते मोठ्या डॉक्टरांचं काम. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए परत करायचा, आणि व्हायरस गेला तरी क्रायोग्लोब्युलिन काही महिने रेंगाळू शकतात, तोवर रात्री पाणी भरायला घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.